एकाने धरायची, दुसऱ्याने ठोकायची

पेपरात चार ओळी आल्या. ‘जमिनीच्या किरकोळ वादातून सख्ख्या भावावर हातोड्याने हल्ला, बोटे चेचली.’ खाली केरू रावजी गोताड, वय ५४, खाजगी मोजणीदार, एवढंच. त्या दिवसापासून माळनाक्यावरचा पानवाला, बँकेतली बाई, माझी सख्खी नणंद, जो तो मला विचारतो, "काय गं, तुमच्याच ऑफिसातला ना तो?" प्रत्येकाला उत्तर देऊन माझं डोकं उठलंय. म्हणून काय ते एकदाच सांगते. आणि आधीच बजावते, किरकोळ वगैरे काही नसतं. कोकणातल्या जमिनीच्या वादाला किरकोळ म्हणणाऱ्या त्या वार्ताहराने एकदा आमच्याबरोबर साइटवर यावं. येताना हेल्मेट आणावं.

मी शमिका मयेकर. रत्नागिरीत ‘त्रिकोण कन्सल्टंट्स’ म्हणून फर्म आहे, तिथे चौदा वर्षं सर्वेअर आहे. केरूभाऊ तिथे एकतीस वर्षं होते. डिप्लोमा मी कॉलेजात केला, काम त्यांच्याकडे शिकले.

फर्म नासिर काझींची. मूळचे दाभोळचे, बोटीवर इंजिनिअर म्हणून जायचं सोडून इथे १९९० साली त्यांनी ‘मोजणी व स्थापत्य सल्लागार’ असा बोर्ड लावला. लोक हसले. सल्ला इथे फुकट मिळतो, तोही न मागता, त्याचं दुकान कोण काढतं? पण लोक यायला लागले. सरकारी मोजणी सरकार करतंच. ती करायच्या आधी, आणि ती पटली नाही की नंतर, माणूस आमच्याकडे येतो आणि विचारतो, "आमचं खरं कुठवर आहे ते सांगा." खरं सांगितलं की त्यातली निम्मी माणसं आम्हालाच मारायला उठतात.

केरूभाऊ १९९३ साली आले. आयटीआयचा सर्वेअर ट्रेड, घरातले पहिले शिकलेले. त्यांच्या वाडीतले पुरुष मुंबईला जात, धाकटा भाऊ भागोजीसुद्धा भांडुपला गॅरेजात डेंटिंगच्या कामाला गेला. केरूभाऊ इथेच राहिले. नासिरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दोन वर्षांत मोठं काम मिळेल, मग जा." दोन वर्षांनी तो विषय साहेबांनी काढला नाही आणि केरूभाऊंनीही काढला नाही.

त्यांच्या अंगावर आमच्या फर्मचा सगळा इतिहास आहे. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत कोयतीची खूण, एकोणीस टाके. उजव्या कानाची पाळी नाही. गणपतीपुळ्याकडे एका हॉटेलाच्या प्लॉटची मोजणी चालली असताना शेजारच्या मालकाने ती चावून तोडली. तुकडा शोधायला माणसं वाकली तोवर कोंबडीने उचलून नेला. हे सांगताना केरूभाऊ स्वतः हसायचे. पाठीवर भाजल्याचा चट्टा आहे, तो काशीबाई नावाच्या म्हातारीने दिलेला. तिच्या नवऱ्याने लावलेला माड हद्दीबाहेर जातो हे ऐकल्यावर तिने चुलीवरची उकळती पेज उचलून ओतली होती. पुढल्या वर्षी तीच म्हातारी बरका फणस घेऊन ऑफिसात आली आणि केरूभाऊंनी तो तिच्यासमोर बसून खाल्ला. मी असते तर फणस तिच्या डोक्यात घातला असता.

पण ही सगळी त्यांच्या लेखी किरकोळ दुखणी. खरी जखम १९९९ सालची.

दाभोळ खाडीच्या कडेचं एक गाव. दोन चुलत भाऊ, मधे एक खळं. खळ्यावर हक्क कोणाचा, यावरून बारा वर्षं बोलणं बंद. केरूभाऊंनी मोजलं, रेषा खळ्याच्या कडेने गेली, खळं धाकट्याचं निघालं. त्या काळात खुंट्या ते स्वतःच ठोकायचे. हातभर लांब लोखंडी खुंटी, दोन किलोचा हातोडा. दोन ठोकून झाल्या, तिसरी ठोकायला वाकले होते. मागे नारळ फुटावा तसा आवाज झाला. वळून बघतात तर धाकटा गुडघ्यावर आणि मोठ्याच्या हातात पहार. त्याने ती पुन्हा उचलली आणि पुन्हा घातली. तिसऱ्यांदाही घातली. केरूभाऊंनी धावत जाऊन खांद्यावरचा टॉवेल त्या डोक्याला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. टॉवेल जड होत गेला. माणूस तिथेच गेला, खळ्यावर, जे आता कागदोपत्री त्याचं होतं.

त्याची बायको घरातून धावत आली. पहारवाल्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खाली पडलेला हातोडा तिने उचलला आणि केरूभाऊंच्या मांडीवर मारत सुटली. "तूच मारलंस! तुज्या खुंटीनं मारलंस!" केरूभाऊ हलले नाहीत. मांडीचं हाड मोडलं नाही एवढंच. मला त्यांनी ही गोष्ट एकदाच सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "ती बाई चूक नव्हती."

आठ दिवस ते ऑफिसला आले नाहीत. नासिरसाहेबांनी निरोप धाडला नाही. मला वाटतं, साहेबांना खात्री होती की माणूस काम सोडून गेला. नवव्या दिवशी केरूभाऊ लंगडत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, ह्यापुढं खुंटी आपण ठोकायची नाय. त्यांनाच ठोकायला लावायची. एकानं धरायची, दुसऱ्यानं ठोकायची."

"कोणी धरायची?"

"ज्याला जास्त मिळालं त्यानं धरायची. दोन्ही हातांनी, उघड्या. हातोडा ज्याला वाटतं आपण लुटलो गेलो त्याच्या हातात."

साहेब उठून उभे राहिले. "वेडा झालास काय रे? बोटं तुटतील लोकांची!"

"बोटां तुटतील साहेब. डोकी नाय."

पुढे त्यांनी मला हे नीट समजावलं. राग आलेल्या माणसाला काहीतरी आपटायला हवं असतं, त्याला खुंटी द्यायची. आणि जिंकलेल्याला थोडं भ्यायला हवं असतं, नाहीतर तो हसतो. खळ्यावरचा धाकटा मरायच्या आधी हसला होता. तेवढं हसू पुरलं.

साहेबांनी महिनाभर विचार केला आणि हो म्हणाले. तेव्हापासून ही आमच्या फर्मची रीत झाली. आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, जागेच्या राखणदाराला सांगायचं की बाबा, तुझ्या साक्षीने हद्द घालतोय, कोणाचं वाईट चिंतत नाही. मग एकाने खाली बसून खुंटी धरायची, दुसऱ्याने ठोकायची. केरूभाऊ हात मागे बांधून तीन पावलांवर उभे. मधे पडायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो पाळायला किती छाती लागते ते मी बघितलंय.

पहिल्यांदा बघितलं ते एका चिरेखाणीवर. खाणमालक दांडगा, शेजारचा शेतकरी काटकुळा. मोजणीत शेतकऱ्याची चार गुंठे जागा खाणमालकाची निघाली. खरोखरच निघाली, मी दोनदा तपासली होती. मालक खुंटी धरून बसला. शेतकऱ्याने हातोडा डोक्याच्या वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, दोन किलोचं लोखंड मालकाच्या बोटांवर हलत होतं. त्या दांडग्या माणसाची पँट ओली झालेली मी या डोळ्यांनी पाहिली. मग हातोडा खाली आला आणि खुंटी एका घावात अर्धी आत गेली. शेतकरी मटकन बसून रडला. खाणमालकाने आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं. मी जीपमागे जाऊन ओकले.

केरूभाऊ आले, म्हणाले, "ओकलीस? बरं झालं. ज्याला काय होत नाय, त्याला मी हे काम देत नाय."

पंचवीस वर्षांत साडेतीनशेच्या वर हद्दी त्यांनी अशा घातल्या. लोकांनी खुंट्या उपटून फेकल्या, आईबहिणी काढल्या, एकाने हातोडा आमच्या जीपच्या काचेवर मारला. पण हातावर एकदाही पडला नाही. गावोगाव हे नाव झालं. केरू गोताड येणार असतील तरच मोजणी करा, असं लोक सांगायला लागले. ज्या दोन घरांमधून विस्तवही जात नाही अशा दोन्ही घरांतून त्यांना लग्नाच्या पत्रिका यायच्या. गणपतीत तर बिचाऱ्याला तीसेक घरी मोदक खावे लागायचे.

पुण्याच्या एका बड्या फर्मने त्यांना बोलावलं होतं. गाडी, फ्लॅट, सगळं. ते गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं सल्ला कागदावर देतात आणि निघून येतात. सल्ला दिला की तिथंच उभं राहायला हवं." त्यांना उंटावरून शेळ्या हाकणं जमणारं नव्हतं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले, पन्नाशीत ड्रोन उडवायला. सकाळी ऑफिस उघडायला पहिले तेच. चौदा वर्षांत मी ऐकलं नाही की त्यांना कामाचा कंटाळा आला. माणसाला आपलं काम इतकं पुरतं, हे मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

गेल्या फेब्रुवारीत नासिरसाहेबांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं की जूनपासून केरू फर्मचा भागीदार. साहेबांचं वय झालं होतं, आणि ते स्पष्ट म्हणाले, "लोक माझ्या नावावर येत नाहीत, ह्याच्या शब्दावर येतात. हा शब्द आहे तोवर फर्म आहे." केरूभाऊंनी मान खाली घातली. आनंद झाला की हा माणूस मान खाली घालायचा.

मार्चमध्ये भागोजीचा फोन आला. त्याच्या पोराला भांडुपला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं, गावची आपली बाजू विकायची होती. भागोजी काही खलनायक नव्हे, हे आधीच सांगते. मोठ्या भावाला ‘दादा’ म्हणून वाकून नमस्कार करणारा, येताना वहिनीला साडी आणणारा माणूस. त्याने सरळ विचारलं, "दादा, माजी बाजू कुठवर, ते एकदा दाखव."

आता इथे जी चूक आहे ती ऐका. त्यांच्या वडिलांनी, रावजींनी, हयातीत कागदावर वाटणी करून ठेवली होती. वरचा कातळ केरूभाऊंना, खालची बाजू भागोजीला. मधे रावजींनी स्वतःच्या हातांनी दगड रचून गडगा घातला होता. केरूभाऊंनी गडग्याला लागून आपल्या कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, डोक्यावरून माती आणून ते भरले आणि हापूसची अठ्ठावीस कलमं लावली. बावीस वर्षं एकही रविवार त्यांनी घरी काढला नाही. आणि या बावीस वर्षांत त्यांनी ती जमीन एकदाही मोजली नाही. गावोगाव जाऊन ‘गडगा म्हणजे हद्द नव्हे’ असं लोकांना ओरडून सांगणारा माणूस! मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, "बापानं घातलेला गडगा कोण मोजतो?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नासिरसाहेब म्हणाले, मोजणी चिपळूणच्या दुसऱ्या कोणाकडून करून घे, आणि हातोड्याची रीत राहू दे, घरचा मामला आहे. केरूभाऊ पहिल्यांदाच साहेबांवर चढले. "साडेतीनशे लोकांना बसवलं मी त्या खुंटीपुढं. माज्यासाठी वेगळी रीत? मग उद्या कोणाला काय तोंडानं सांगू?" शेवटी मोजणी मी करायची ठरली.

एप्रिलचा दुसरा आठवडा. हातखंब्याच्या आत त्यांचं गाव, सकाळी दहालाच कातळ तापून चटके द्यायला लागला होता. कलमं फळांनी वाकली होती, दोन-चार दिवसांत काढणी. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि तो सावलीला जाऊन बसला. दोघं भाऊ गडग्यावर शेजारीशेजारी बसून पाणी पीत होते. मी जुन्या हद्दीच्या दगडांवरून रोव्हर, म्हणजे दांड्यावरचं मोजणीचं यंत्र, लावत पुढे गेले.

रेषा गडग्यावर येईना. ती सहा मीटर वर जात होती, केरूभाऊंच्या बागेत. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या दगडावरून घेतलं, पुन्हा सहा मीटर. तिसऱ्या वेळीही तेच. रावजींनी गडगा हद्दीवर नव्हता घातला, दगड जिथे आयते पडले होते तिथे घातला होता. सहा मीटरच्या त्या पट्ट्यात अकरा कलमं होती.

खोटं नाही सांगत, माझ्या मनात आलं की आकडा गिळून टाकावा. कोणाला कळलं असतं? पण केरूभाऊ माझ्याकडेच बघत होते, आणि माझा चेहरा त्यांना चौदा वर्षं पाठ होता.

"बोल," ते म्हणाले.

मी बोलले. अकरा कलमं भागोजींच्या हद्दीत जातात.

केरूभाऊंनी मान हलवली. अगदी शांतपणे. "बरोबर आसणार. हातोडा आण."

माणूस अवघडला की काहीतरी थट्टा करतो, तशी भागोजीने केली. "काय दादा, गडगा म्हणजे हद्द नव्हे, असं तूच सांगत फिरतोस ना?" आणि हसला. त्या हसण्यात काही नव्हतं, मी देवाशपथ सांगते. पण तो हसला.

तो खाली बसला. खुंटी कातळाच्या फटीत उभी केली आणि दोन्ही हातांनी धरली. केरूभाऊंनी हातोडा घेतला. मी हात मागे बांधून तीन पावलांवर उभी राहिले, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे.

पहिला घाव खुंटीवर बसला. दुसराही बसला, ठिणगी उडाली. भागोजीने डोळे मिटून घेतले, सगळेच मिटतात. मग केरूभाऊंनी मान वळवून त्या अकरा झाडांकडे बघितलं. पाय फाकवून घट्ट रोवले. तिसरा घाव भागोजीच्या उजव्या हातावर पडला.

तो आवाज मी विसरू शकत नाही. भागोजी ओरडला नाही, आधी त्याच्या तोंडातून नुसती हवा आली. हात खुंटीला चिकटल्यासारखा तिथेच होता आणि मधली दोन बोटं बोटांसारखी राहिली नव्हती. रक्त तापल्या दगडावर पडून लगेच काळं होत होतं. मग तो किंचाळला आणि कपाळ जमिनीला टेकवून कळवळायला लागला. केरूभाऊंचा हातोडा पुन्हा वर गेला.

मी नियम मोडला. हातात रोव्हरचा दांडा होता, तो मी दोन्ही हातांनी फिरवून त्यांच्या कोपरावर मारला. हाड मोडल्याचं मला दांड्यातून कळलं. हातोडा मागे पडला. मी त्यांना ढकललं, ते गडग्यावर आपटले, तरी मी आणखी एक दांडा घातला, खांद्यावर. ज्यांना मी गुरू मानलं त्यांना मी मारत होते आणि मला थांबता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला नाही. दुसऱ्या फटक्यानंतर ते म्हणाले, "झालं. बस." तेव्हा मी थांबले.

जीप मीच चालवली. मागच्या सीटवर भागोजी आडवा, हाताला टॉवेल. केरूभाऊंनी त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि आपला मोडका हात पोटाशी धरला होता. दोघंही घामाने भिजले होते. हातखंबा गेल्यावर भागोजी क्षीण आवाजात मला म्हणाला, "ताई, हातोडा निसटला आसं सांगायचं. दादाची जूनची भागीदारी हाय. त्याचं नाव खराब नाय व्हायला पायजे." मी आरशात बघितलं. केरूभाऊ खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

हॉस्पिटलात भागोजीची दोन बोटं काढावी लागली. डेंटिंगवाल्याचा उजवा हात. संध्याकाळी तो शुद्धीवर आला तेव्हा हवालदार जबाब घ्यायला आले. नासिरसाहेबही येऊन बसले होते. केरूभाऊ हात गळ्यात बांधून भिंतीशी उभे, बसायला तयार नव्हते.

"निसटला हो हातोडा," भागोजी म्हणाला. "घामानं निसटला. आमच्यात काय वाद नाय."

हवालदारांनी लिहायला सुरुवात केली. साहेब घाईघाईने म्हणाले, "हो, उन्हात घाम येतो, निसटतो." साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना मी पाहिलं, आणि तेही वाईट बोलले.

"निसटला नाय," केरूभाऊ म्हणाले. "मी मारला."

"केरू!"

"साहेब, एकतीस वर्षं मी लोकांना सांगतोय, जे हाय ते सांगा. दोन घाव खुंटीवर मारले, तिसरा त्याच्या हातावर. बघून मारला."

भागोजी डाव्या हाताने पलंगाची कड धरून उठायला बघत होता. "गप रे दादा! झाला तो झाला. रागाच्या भरात एक बसला, त्यात काय? लिवा हवालदार, माजी तक्रार नाय."

हवालदार वैतागले. माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही समोर होतात. तीन घाव मारले आणि थांबले, बरोबर?"

मी केरूभाऊंकडे बघितलं. आत्तापर्यंत तुम्हालासुद्धा मी पुरतं सांगितलेलं नाही, हातोडा वर गेला एवढंच सांगितलं. त्यांनाही ते माहीत होतं, मलाही. म्हाताऱ्याला सावलीतून दिसलं नसावं. भागोजीने तर डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकवलं होतं. हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं, भावाने भावाला माफ केलं असतं, साहेबांनी जून सांभाळून घेतला असता.

"शमिका," केरूभाऊ म्हणाले, "बघितलंस ते सांग."

"नाही थांबले," मी म्हटलं. "चौथा उचलला होता. मी हातावर मारलं म्हणून पडला नाही."

"कुठे मारायला उचललेला?"

केरूभाऊच बोलले. "डोक्यावर. तो वाकलेला होता. डोकं समोर होतं."

हवालदारांनी पेन थांबवलं. "हे लिहिलं तर कलम बदलेल, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. लिवा."

नासिरसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भागोजी पलंगावर तसाच अर्धवट उठलेला होता. तो मोठ्या भावाकडे बघत होता, दुपारपासून ज्याच्यासाठी तो खोटं बोलत होता त्या भावाकडे.

"डोक्यावर, दादा?"

"होय."

"दोन पोरं हायत रे माजी."

मग भागोजी हळूहळू आडवा झाला, भिंतीकडे तोंड केलं आणि हवालदारांना म्हणाला, "ह्याला भायेर न्या. मना झोपायचंय." हवालदारांनी केरूभाऊंना पूर्ण नाव विचारलं, आणि त्यांनी ते वडिलांच्या नावासकट सांगितलं.